दरपत्रक भिंतीवर लागलं, पण रुग्णाला माहिती कधी मिळणार?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसंच महापालिकांचे आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि खासगी रुग्णालयांची नोंदणी करणारे सर्व अधिकारी

विषय : खासगी रुग्णालयांतले दर, उपचारांचे पर्याय आणि संमतीपत्रं रुग्णाला समजतील अशा स्वरूपात देण्याबाबत

महोदय,

जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणी नियमांत सुधारणा झाली, तेव्हा रुग्णालयांच्या समाजसेवा विभागात काम करणाऱ्या माझ्यासारख्यांना मनापासून आनंद झाला होता. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, पंधरा प्रकारच्या सेवांचे दर लिहायचे, तक्रारीसाठी स्थानिक अधिकाऱ्यांनी कक्ष आणि टोल फ्री नंबर ठेवायचा, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवायचा नाही, हे सगळं नियमात आलं. त्यामागे रुग्णहक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. रुग्णालयं आणि दवाखान्यांची नोंदणी व नियमन करणारा केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्यामुळे आपल्याकडच्या रुग्णाला खासगी रुग्णालयात जो काही आधार आहे, तो मुख्यतः या नियमांचाच.

हे पत्र त्या नियमाविरुद्ध नाही. तो नियम जिथे थांबला तिथून पुढे न्यावा, एवढ्यासाठी लिहिते आहे.

काय अडतं ते सांगते. जुन्नरकडचं एक कुटुंब आजीला घेऊन पुण्यात आलं. आजी अंगणात पडली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलाने तीन रुग्णालयांतल्या दरफलकांचे मोबाइलवर फोटो काढले आणि ते घेऊन माझ्यासमोर बसला. प्रवेश शुल्क, बेडचा दिवसाचा दर, आयसीयूचा दर, डॉक्टरांची प्रत्येक व्हिजिट, ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, नर्सिंग, सलाईन आणि रक्त चढवणं, मॉनिटर, ऑक्सिजन, ईसीजी, सगळं होतं. नियमाप्रमाणे बघितलं तर तीनही फलक चोख होते. तो म्हणाला, "ताई, हे सगळं वाचलं. पण एकूण किती होतील?"

फलकावरून ते काढता येत नाही. दिवसाला किती व्हिजिट होतात हे फलक सांगत नाही. थिएटरचा दर तासावर आहे की ऑपरेशनवर, हे सांगत नाही. खुब्यात बसवायचा सांधा कोणत्या प्रकारचा आणि किती किमतीचा, हे त्या पंधरा ओळींत कुठेच नसतं आणि बिलातली सर्वांत मोठी रक्कम बहुतेक वेळा तीच असते. हातमोजे, सुया, ड्रेप, गॉज यांचं "कन्झ्युमेबल्स एक्स्ट्रा" वेगळंच. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला होता. बिल फुगतं ते अशाच जागी, आणि दरफलक नेमका तिथे गप्प असतो.

एक गोष्ट तर इतकी महत्त्वाची आहे की ती फलकाच्या पहिल्या ओळीत हवी. बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत खोली बदलली की फक्त खोलीचं भाडं बदलत नाही. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, थिएटरचा दर, कधीकधी तपासण्यांचे दरसुद्धा खोलीच्या दर्जाप्रमाणे चढतात. ऑपरेशन तेच, डॉक्टर तेच आणि थिएटरही तेच. घरातल्या माणसांना वाटतं, आईला जरा शांत खोली मिळू दे, दिवसाला दोन-तीन हजार जास्त गेले तर गेले. शेवटच्या दिवशी बिल हातात पडतं तेव्हा कळतं की तो निर्णय फक्त खोलीपुरता नव्हता. ज्यांच्याकडे विमा आहे त्यांचं दुखणं आणखी वेगळं. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि खोली त्याहून महाग घेतली, तर विमा कंपनी इतर खर्चही त्याच प्रमाणात कापते. औषधं, इम्प्लांट (शरीरात बसवायचे सांधे, स्टेंट वगैरे), तपासण्या यांना ही कपात लावायची नाही, असं विमा नियामकाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण हे किती पॉलिसीधारकांना माहीत आहे? अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर "कोणती रूम हवी?" एवढंच विचारतात आणि माणूस मागे रांग आहे म्हणून घाईघाईने उत्तर देतो.

आपण हे करू शकता, कारण एकदा करून दाखवलेलं आहे. मे २०२० मध्ये कोविडच्या काळात शासनाने खासगी रुग्णालयांचे दर ठरवून दिले. साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरविना आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. या रकमेत बेड, नर्सिंग, डॉक्टरांच्या भेटी, नेहमीच्या तपासण्या, औषधं आणि जेवण धरलेलं होतं. पीपीई किट, एमआरआय-सीटीसारख्या तपासण्या आणि काही महागडी औषधं वेगळी, हेही त्याच आदेशात लिहिलं होतं. बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले गेले. त्या आदेशाची अंमलबजावणी सगळीकडे सारखी झाली असं मी म्हणणार नाही. पण तीन आकडे लोकांना तोंडपाठ होते. रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत कोणीही काउंटरवर उभं राहून म्हणू शकत होतं की साहेब, चार हजार लिहिलंय, तुम्ही सात कसे लावले? आकडा पूर्ण होता, त्यात काय येतं ते सांगितलेलं होतं आणि तो वापरून लगेच काहीतरी करता येत होतं.

तसंच अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये रुग्णालयांतल्या औषध दुकानांना लावायला सांगितलेल्या पाटीचं. इथूनच औषधं घेण्याची सक्ती नाही, एवढाच तिचा आशय. ती वाचून माणूस चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात जाऊ शकतो. पंधरा ओळींचा फलक वाचून त्याला काय करता येतं, हा प्रश्न नियम करणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा.

म्हणून पहिली मागणी अशी : नेहमीच्या, आधी ठरवून होणाऱ्या ऑपरेशनांसाठी प्रत्येक रुग्णालयाने एकूण बिल किती होतं ते दर्शनी भागात लावावं. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशय, मूळव्याध, सिझेरियन, गर्भाशय काढणं, गुडघा बदलणं, अँजिओप्लास्टी. या प्रत्येकाचं गेल्या वर्षात त्या रुग्णालयात साधारण किती बिल झालं, बहुतेक रुग्णांचं कुठून कुठपर्यंत गेलं, खोलीच्या दर्जाप्रमाणे किती फरक पडला आणि त्यात इम्प्लांट व औषधं धरली आहेत की नाहीत. स्टेंट आणि गुडघ्याच्या सांध्यांच्या कमाल किमती केंद्राने २०१७ पासून बांधून दिल्या आहेत. माहिती लावताना जी कमाल किंमत लागू असेल तीही त्याच कागदावर असावी. नमुना शासनाचा असावा आणि सगळीकडे एकच असावा. आज एका ठिकाणी "ओटी चार्जेस", दुसरीकडे "सर्जरी पॅकेज", तिसरीकडे "प्रोसिजर कॉस्ट" लिहिलेलं असतं. त्यांची तुलना मला करता येत नाही, तर जुन्नरहून आलेल्या माणसाने कशी करायची?

डॉक्टर मंडळी यावर म्हणतात की प्रत्येक रुग्ण वेगळा असतो, मधुमेही माणसाचं ऑपरेशन आणि धडधाकट माणसाचं ऑपरेशन एका दरात कसं बसवायचं? त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच एक आकडा नको, "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असं हवं. तालुक्याच्या गावी दहा खाटांचं नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टर पती-पत्नीवर कारकुनीचा बोजा पडू नये, हेही मला मान्य आहे. नोंदणीचं नूतनीकरण दर तीन वर्षांनी होतंच. त्या अर्जासोबत हा तक्ता घ्या आणि लहान रुग्णालयांसाठी तो एका पानाचा ठेवा. दरांबाबत आधीच स्पष्टता असेल तर डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर होणारी भांडणं कमी होतील. रुग्णालयांतली मारहाण रोखण्यासाठी राज्याने २०१० मध्ये कायदा केला. पण त्या संतापातला किती भाग अचानक हातात पडलेल्या बिलाचा असतो, हे वॉर्डात काम करणाऱ्या कोणत्याही सिस्टरला विचारा.

मात्र पैशांची माहिती हा अर्धाच भाग आहे, आणि माझ्या मते सोपा भाग आहे. खरी अडचण "हे ऑपरेशन मला हवं का?" या प्रश्नाची आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचं प्रकरण आपल्या विभागाला मी सांगायला नको. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांत चाळिशीच्या आतल्या कितीतरी होत्या. उसाच्या फडात सुट्टी घेतली की कोयत्याचा, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचा खाडा, खाडा पडला की मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम वाढते, पाळीच्या दिवसांत ना पाणी ना आडोसा. ही त्यामागची परिस्थिती होतीच आणि ती कोणत्याही माहितीपत्रकाने बदलत नाही. पण त्यांतल्या अनेक जणींनी सांगितलं की अंगावरून पांढरं जातं किंवा पोट दुखतं म्हणून त्या डॉक्टरकडे गेल्या, आणि "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल" असं ऐकून ऑपरेशनला तयार झाल्या. पांढरं जाण्याचं सर्वसाधारण कारण जंतुसंसर्ग असतं आणि तो बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो, हे त्यांना कोणी सांगितलं का? जास्त रक्तस्रावावर औषधं आहेत, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे, आणि पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर ऐन तिशीत पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात, हे त्यांना माहीत होतं का? त्यांच्यासमोर दोन वाटा कोणी ठेवल्याच नाहीत. एक वाट आणि एक भीती, एवढंच ठेवलं गेलं.

त्यानंतर बीडमध्ये गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. अट योग्यच होती. पण परवानगीचा कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जातो; ज्या बाईचं शरीर आहे तिच्या हातात त्यातलं काही येत नाही. तिच्या हातात एक पान येऊ द्या. तिच्या भाषेत, ठळक अक्षरांत, चित्रांसह, आणि वाचता येत नसेल तर आशाताईंनी वाचून दाखवावं असं.

शहरातला शिकलेला माणूस यातून सुटलाय असं समजू नका. अँजिओग्राफीच्या टेबलावर असताना बाहेर नातेवाइकांना सांगितलं जातं, "नव्वद टक्के ब्लॉकेज आहे, आत्ताच स्टेंट टाकून घेऊ." हार्ट अटॅक आलेला असेल तर तातडीने केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते; तिथे एक मिनिटही घालवू नये. पण चालताना छातीत भरून येतं, बसलं की थांबतं, महिनोन्‌महिने तसंच आहे, अशा स्थिर दुखण्याचं गणित वेगळं आहे. २००७ च्या 'करेज' या अभ्यासात २,२८७ रुग्ण होते आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' या अभ्यासात ५,१७९. दोन्हींत असं दिसलं की अशा रुग्णांना चांगल्या औषधोपचारासोबत आधीच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यूचं प्रमाण कमी झालं नाही. छातीतलं दुखणं मात्र कमी होतं, आणि ज्याला त्या दुखण्याने चार पायऱ्या चढवत नाहीत त्याला तेवढ्यासाठीही स्टेंट हवासा वाटू शकतो. तो त्याचा निर्णय आहे. पण तो घेताना त्याला काय माहीत असतं? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका रुग्णालयात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १५३ रुग्णांना विचारलं होतं. ८८ टक्क्यांना वाटत होतं की अँजिओप्लास्टीने आपला हार्ट अटॅकचा धोका कमी होईल. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या बहुसंख्य डॉक्टरांना मात्र तसं वाटत नव्हतं. रुग्ण आणि डॉक्टर एकाच खोलीत बसून दोन वेगळ्या गोष्टींना होकार देत होते.

आणि सांगायचं कसं, यालाही शास्त्र आहे. "धोका पन्नास टक्क्यांनी कमी होतो" हे ऐकून कोणीही हो म्हणेल. तीच गोष्ट "या औषधाशिवाय शंभरांतल्या दोघांना त्रास होतो, औषधाने एकाला होतो, उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना दोन्हीकडे फरक पडत नाही" अशी सांगितली की माणूस विचार करायला लागतो. म्हणून टक्के नकोत, शंभर माणसं दाखवा. शंभर ठिपक्यांचं चित्र काढून त्यातले दोन रंगवले तर निरक्षर आजीलाही कळतं. फायदा आणि धोका दोन्ही एकाच मापात सांगा. फायदा टक्क्यांत आणि धोका "क्वचित" अशा शब्दात, असं करू नका. आणि काहीच केलं नाही तर काय होईल, ही ओळ वगळू नका. आपल्याकडच्या बहुतेक माहितीपत्रकांत नेमकी तीच नसते.

हे सगळं करणं ही कोणाची मेहेरबानी नाही. समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की उपचाराचं स्वरूप, त्याचा हेतू, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारला तर होणारे परिणाम, हे सांगून घेतलेली संमतीच खरी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या सनदेत सतरा हक्क आहेत. माहितीचा आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क त्यांतच आहे. प्रत्यक्षात काय चालतं? दाखल होताना सात-आठ कागदांचा गठ्ठा पुढे येतो, इंग्रजीत, पेन्सिलने खुणा केलेला. "इथे, इथे आणि इथे सही करा." ऑपरेशनची संमती, भुलीची संमती, रक्त चढवण्याची संमती, बिल भरण्याची हमी, सगळं एका दमात. काही ठिकाणी ऑपरेशनचं नाव नंतर भरायला रिकामी जागा सोडलेली असते. तातडीच्या रुग्णासाठी वेळ नसतो हे समजतं. पण पुढच्या आठवड्यात ठरलेल्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा कागद आदल्या दिवशी घरी का देता येत नाही? मराठीतला नमुना विभागाने छापून दिला, तर तो न वापरण्याला काय सबब उरेल? मुंबई-ठाण्यात हिंदी आणि उर्दू, सीमाभागात कन्नड, हेही नमुने लागतील.

मृत्यूचे आकडे प्रसिद्ध करा, अशी मागणीही काही जण करतात. मी त्याबाबत सावध आहे. न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या सुमारास बायपासनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण रुग्णालयवार जाहीर करायला सुरुवात केली. तिथे रुग्णांचं वय आणि आधीचे आजार लक्षात घेऊन आकडे जुळवून घेतले जातात. तरीही, अवघड केसेस टाळल्या जातात अशी तक्रार झालीच. आपल्याकडे तशा नोंदीच नाहीत. कच्चे आकडे लावले तर जे सरकारी रुग्णालय शेवटच्या घटकेचे रुग्ण घेतं तेच सर्वांत वाईट दिसेल. सध्या एवढं पुरे आहे की हे ऑपरेशन इथे वर्षाला किती वेळा होतं आणि कोण करतं, हे लिहा. सिझेरियनचं प्रमाणही लिहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी रुग्णालयांत सिझेरियन १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के होतं. बाळंतपणासाठी रुग्णालय निवडणाऱ्या जोडप्याला आपल्या निवडीतल्या दोन रुग्णालयांत ते किती आहे, हे विचारायचा अधिकार आहे.

शेवटी सरकारी योजनांचं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता पाच लाखांच्या संरक्षणाची झाली, हे फार मोठं काम आहे. पण "आमच्याकडे योजना आहे" आणि "तुमच्या आजारासाठी आमच्याकडे योजना आहे" या दोन वेगळ्या गोष्टी असतात, कारण रुग्णालय काही ठरावीक विशेष उपचारांसाठीच योजनेत असू शकतं. लोक बोर्ड बघून येतात, दाखल होतात आणि दुसऱ्या दिवशी कळतं की इथे हाडाचं योजनेत नाही. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणं बंधनकारक आहे. आज त्यांतल्या किती रिकाम्या आहेत, हे रुग्णवाहिका दारात येण्याआधी फोनवर कळायला हवं. कोणते विशेष उपचार योजनेत आहेत, आरोग्यमित्र (योजनेत रुग्णाला मदत करणारा कर्मचारी) कोणत्या खिडकीवर बसतो आणि किती वाजेपर्यंत बसतो, ही माहिती दरफलकाच्या वर लावा, खाली नको. गरिबाला आधी तेच वाचायचं असतं.

माझी विनंती अशी आहे की विभागाने नमुना तयार करताना मंत्रालयात बसून तो कायम करू नये. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतले डॉक्टर मजकूर तपासतील, पण तो छापण्याआधी ससूनच्या ओपीडीत, जे.जे.च्या ओपीडीत, अंबाजोगाईच्या रुग्णालयात रांगेतल्या माणसांना वाचायला द्या. वाचून झाल्यावर "समजलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "तुम्ही काय वाचलं ते मला सांगा," असं म्हणा. जे त्यांना सांगता येणार नाही, ते वाक्य पुन्हा लिहा. या कामासाठी राज्यातले निवृत्त समाजसेवा अधीक्षक, परिचारिका आणि शिक्षक वेळ देतील. मी तर देईनच. पहिला मसुदा गर्भाशयाच्या ऑपरेशनचा घ्यावा आणि तो ऊसतोडीच्या हंगामाआधी, टोळ्या गावं सोडण्यापूर्वी, बीडमधल्या आशाताईंच्या हातात पडावा.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय समाजसेविका, पुणे